लॉकरमधले तांदूळ

अण्णांच्या लॉकरमधून तांदूळ निघाले. पाव किलो असतील, कदाचित थोडे जास्त.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते लिहिलेलं नाही. कुठलीही गोष्ट क्रमाने सांगावी असं अण्णा म्हणायचे, आणि क्रमाने पाहिलं तर लॉकर उघडायला अजून दोन महिने आहेत. तेव्हा लॉकर बंद आहे, आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि मी बार्शीतल्या एका सहकारी बँकेत हुंडेकरी साहेबांच्या टेबलासमोर बसलो आहे. साल दोन हजार एकोणीस, महिना फेब्रुवारी.

“मयत तुमचे कोण?” हुंडेकरी साहेबांनी विचारलं.

हुंडेकरी साहेब अण्णांना वीस वर्षं ओळखत होते. पंधरवड्यापूर्वी स्मशानात ते माझ्या शेजारीच उभे होते, आणि माझी चप्पल हरवली तेव्हा त्यांनीच ती शोधून दिली होती.

“वडील,” मी म्हणालो. “तुम्ही आला होतात की.”

“फॉर्मवर लिहावं लागतं,” ते म्हणाले, आणि रकान्यात ‘वडील’ असं लिहून त्यांनी पेनाचं टोपण लावलं. टोपण उघडं असलं की ते मला अहोजाहो करत आणि लावलं की अरेतुरे. “जेवतोस का वेळेवर? तोंड बघ केवढंसं झालंय.” मग पुन्हा टोपण काढलं. “मृत्युपत्राची मूळ प्रत आणली आहे का आपण?”

आणली होती. अण्णांनी चौतीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात कारकुनी केली. लोकांची खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं त्यांच्या टेबलावरून जायची. दस्तातलं प्रत्येक नाव ते मूळ कागदाशी ताडून बघत आणि बरोबर असलं की त्याच्याखाली पेन्सिलीने एक बारीक ठिपका देत. ठिपका नाही म्हणजे दस्त परत. ही सवय घरीही होती. लग्नपत्रिका आली की तिच्यावर ठिपके, लाइट बिलावर ठिपका, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या नावाखाली ठिपका (गुणांखाली नाही). एका पाहुण्यांच्या पत्रिकेत नवरदेवाच्या वडिलांचं नाव चुकलं होतं, तर अण्णा त्या लग्नाला गेलेच नाहीत. म्हणाले, हे लग्न कुणाच्या मुलाचं आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही.

अशा माणसाचं मृत्युपत्र चार कलमांत आटोपलं होतं. घर आणि ठेवी तिन्ही मुलांना सारख्या. मोठा भाऊ उमेश आणि मी निनाद, दोघांनी भांडू नये. तिसरं कलम : ‘बँकेतील लॉकर क्रमांक ४७ व त्यातील वस्तू माझी कन्या कु. वेणू वामन वैरागकर हिला.’ आणि चौथं : ‘या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून धाकटा मुलगा निनाद यास नेमीत आहे. कारण त्यास ठाऊक आहे.’

मला काहीही ठाऊक नव्हतं.

उमेशदादा सोलापूरला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. अण्णांचं दवाखान्याचं सगळं त्याने केलं, रात्री जागला, रक्ताच्या बाटल्यांसाठी तो पळाला. मी तेव्हा रिक्षावरच्या भोंग्याच्या जाहिराती रेकॉर्ड करायचो. ‘चादरी घ्या चादरी, एकावर दोन, दोनावर उशी’ हा आवाज तुम्ही बार्शी तालुक्यात ऐकला असेल तर तो माझा. आम्हा दोघांतून अण्णांनी व्यवस्थापक म्हणून चादरवाला निवडला याचं दादाला वाईट वाटलं, आणि ते साहजिक होतं. मलाही वाटलं होतं.

तेराव्याच्या दिवशी त्याने मला गच्चीवर नेऊन विचारलं, “काय ठाऊक आहे तुला?”

“काहीच नाही.”

“अण्णा उगीच लिहीत नाहीत.”

“दादा, शपथ. मला बारावीचा सीट नंबरसुद्धा ठाऊक नव्हता.”

आईच्या पाटल्या त्या लॉकरमध्ये आहेत आणि मी ते दडवतोय, असा त्याचा समज झाला. आई जाऊन आठ वर्षं झाली होती आणि पाटल्या घरात कुठेच नव्हत्या. माझाही हळूहळू तोच समज झाला. म्हणजे पाटल्या आहेत आणि मी दडवतोय.

तर बँकेत. हुंडेकरी साहेबांनी मृत्युपत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “लॉकर कुमारी वेणू वामन वैरागकर यांना द्यायचा आहे. त्यांना ओळखपत्रासह हजर करा.”

“ती माझी ताई. लातूरला असते. आता तिचं नाव ऋतुजा श्रीनिवास भूमकर.”

“आधार कार्डावर?”

“ऋतुजा.”

“पॅन, मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड?”

“सगळीकडे ऋतुजा.”

“मग वेणू कुठे आहे?”

प्रश्न सरळ होता. मी सांगितलं की ताईच्या सासरी एक आत्तेसासूबाई होत्या, त्यांचं नाव वेणू. थोरल्या बाईच्या नावाने घरातल्या सुनेला ओरडायचं कसं, म्हणून लग्नात ताईचं नाव बदललं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने ऋतुजा लिहिलं, गुरुजींनी मोठ्याने वाचलं, पेढे वाटले, संपलं. हुंडेकरी साहेबांना हे माहीत होतं, त्यांनी असल्या पन्नास लग्नांत पेढे खाल्ले होते. पण राजपत्रात छापलंय का, विवाह नोंदणी आहे का, असं त्यांनी विचारलं. दोन्ही नव्हतं. शहाण्णव साली लग्नाची नोंद फक्त व्हिडिओवाला करायचा.

“म्हणजे पुरावा काय? तांदूळ,” हुंडेकरी साहेब म्हणाले.

“तेही राहिले नसतील साहेब.”

(इथे तुम्ही पहिलं वाक्य आठवू नका. ते नाहीच.)

शेवटी त्यांनी तोडगा सांगितला. ताईने शंभराच्या स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं : वेणू वामन वैरागकर आणि ऋतुजा श्रीनिवास भूमकर या दोन्ही एकच व्यक्ती आहेत. खाली दोन्ही नावांनी सही. सोबत शाळा सोडल्याचा दाखला. “तोपर्यंत वेणूबाई बँकेच्या दृष्टीने अस्तित्वात नाहीत,” ते म्हणाले. मग टोपण लावलं. “तुझे वडील वर्षातून एकदाच यायचे लॉकरला. मे महिन्यात. पिशवीत कडुनिंबाचा पाला असायचा. दहा मिनिटांत बाहेर. आमचा शिपाई म्हणायचा, दागिन्यांना दृष्ट लागू नये म्हणून असेल. तुला ठाऊक असेलच.”

सगळ्या जगाला वाटत होतं की मला ठाऊक आहे.

दादाला फोन केला तर त्याने वकिलाला आधीच विचारून ठेवलं होतं. ज्या व्यक्तीला द्यायचं ती व्यक्तीच सिद्ध होत नसेल तर ते कलम बाद, लॉकर तिघांत. अण्णांना शेवटी नीट आठवत नव्हतं, मुलीचं नाव चुकलं, होतं असं. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. थकवा होता. एप्रिलअखेरपर्यंत ताईची सही आली नाही तर तो बँकेत अर्ज देणार होता. तिला हवं असेल तर ती करेल सही, नाहीतर सोडून देऊ या निन्या, म्हणाला.

मी स्टँप पेपर घेऊन लातूरची एस.टी. धरली.

ताई माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी. मी शेंडेफळ, इतका शेंड्याला की माझ्या बारशाला ताईच्या कॉलेजच्या मैत्रिणी आल्या होत्या. लग्नानंतर ती माहेरी यायची, पण जेवण करून संध्याकाळच्या गाडीने परत. तेवीस वर्षांत तिने आमच्या घरी एकही मुक्काम केला नाही. आईच्या बाराव्या-तेराव्यालासुद्धा ती दोन दिवस दोनदा आली आणि दोनदा गेली. मला लहानपणी वाटायचं तिला एस.टी. आवडते.

ती गच्चीवर कुरडया घालत होती. मला बघितल्यावर तिने हातात एक काठी दिली आणि कावळ्यांकडे बोट दाखवलं. भावोजी दुकानात होते. मी काठी हलवत सगळं सांगितलं : लॉकर, कलम तीन, प्रतिज्ञापत्र, दोन सह्या. ती सोऱ्या फिरवत ऐकत होती. कुरडईचं वेटोळं पुरं झाल्यावर म्हणाली,

“वेणू वारली.”

“कधी?”

“बारा मे शहाण्णव. सकाळी पावणेअकराच्या सुमारास.”

“मग बँकेला मृत्यूचा दाखला लागेल.”

“काढ की. व्यवस्थापक आहेस ना?”

“लग्न झालं होतं का तिचं?”

“नाही. पत्रिकेवर नाव तिचं होतं. लग्न दुसरीचं झालं.”

“म्हणजे अविवाहित. वारस?”

ताईने जरा विचार केला. “मीच.”

“मग तरी लॉकर तुलाच.”

“मला नकोय म्हणून तर एवढं सांगतेय. कावळा बघ तिकडे.”

आमच्या घरात हे असं आहे. लोकांना वाटतं विनोदी मी आहे.

तेवढ्यात खालून तिच्या सासूबाईंनी हाक मारली, “ऋतुजा, चीक अजून शिजवायचा का गं?” ताई म्हणाली, “आले आई,” आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “ती बघ. हाक मारली की ओ देते. गुणी आहे बिचारी. तिची सही हवी तर घेऊन जा.”

खाली जाऊन ती पातेलं घेऊन आली, आणि त्यानंतर मात्र चेष्टा केली नाही. सासरची माणसं वाईट नव्हती, म्हणाली. त्यांनी आधी विचारलं होतं. पत्र पाठवून विचारलं होतं अण्णांना, की नाव बदललेलं चालेल ना. अण्णांनी उलट टपाली लिहिलं, आपली इच्छा. “माझं नाव होतं. मला विचारलं नाही. चौतीस वर्षं लोकांच्या नावातली वेलांटी दुरुस्त करत बसले, आणि माझं अख्खं नाव गेलं तेव्हा म्हणाले आपली इच्छा.” लग्नानंतर त्यांचं महिन्याला एक पत्र यायचं. पाकिटावर मोत्यासारख्या अक्षरात चि. सौ. ऋतुजा. “मी वाट बघायचे, एकदा तरी चुकून वेणू लिहितील. अडीचशेच्या वर पत्रं आली, निन्या. एकदा चुकले नाहीत. आता चुकले ते मृत्युपत्रात. उम्या बरोबर बोलतोय, आठवण गेली होती त्यांची. दोन बायका एक आहेत असं मी शपथेवर नाही लिहिणार. खोटं आहे ते.”

मी दुपारी जेवलो, स्टँप पेपर कोराच परत पिशवीत घातला. तिने कुरडयांची पिशवी दिली. दादासाठी वेगळी. त्यावर ‘उमेश’ असं लिहिलेलं.

परत येताना येडशीपर्यंत मला झोप लागली आणि येडशीला जाग आली. ताई म्हणाली ते पटत नव्हतं. शेवटच्या महिन्यात अण्णांना माझा वाढदिवस आठवत नव्हता हे खरं. पण मृत्युपत्र त्याच्या सहा वर्षं आधीचं होतं. तेव्हा ते पेपरातले मथळे तपासत होते.

दुसऱ्या दिवशी बँक उघडताच मी हुंडेकरी साहेबांकडे गेलो आणि त्यांनी ठेवून घेतलेली मृत्युपत्राची मूळ प्रत बघायला मागितली. त्यांनी टोपण काढून कारण विचारलं. मी म्हणालो, ठिपके बघायचेत. त्यांनी टोपण लावलं.

आम्ही दोघं खिडकीशी गेलो आणि कागद उजेडात तिरका धरला. उमेशच्या नावाखाली ठिपका होता. माझ्या नावाखाली होता. लॉकर क्रमांकाखाली होता. आणि ‘कु. वेणू वामन वैरागकर’ याच्याखाली तीन ठिपके होते. प्रत्येक शब्दाखाली एक. ‘कु.’ खालचा धरून चार.

“मूळ कागदाशी ताडलंय,” हुंडेकरी साहेब म्हणाले. त्यांनाही ती सवय ठाऊक होती. त्यांच्या घराच्या खरेदीखतावर अण्णांचेच ठिपके होते.

बँकेच्या पायऱ्यांवर उभा राहून मी ताईला फोन लावला. म्हटलं, नावाखाली ठिपका आहे. पलीकडे बराच वेळ मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

“पेन्सिलीचा?”

“पेन्सिलीचा. चार आहेत.”

“माझ्याकडच्या झेरॉक्समध्ये नाही.”

“झेरॉक्समध्ये येत नाही तो.”

तिने मिक्सर पुन्हा चालू केला, बंद केला. मग म्हणाली, “मी फक्त बघायला येते. सही नाही करणार.”

ती आली एप्रिलच्या बावीस तारखेला. दादाही त्या दिवशी आला होता, अर्ज खिशात घेऊन. पायऱ्यांवर ताईने त्याच्या हातात लोणच्याची बरणी दिली, त्याने ती घेतली, आणि भांडण करायचं तर एक हात मोकळा हवा तो राहिला नाही. हुंडेकरी साहेबांनी मूळ प्रत काढून ताईसमोर ठेवली. तिने चष्मा लावला, कागद तिरका धरला, आणि नावाखालून बोट फिरवलं. लहान मुलं पाटीवर फिरवतात तसं. एकेका ठिपक्यावर थांबून.

“चुकलं नाही,” ती म्हणाली.

दादा बरणीकडे बघत होता.

“कुठे करायची सही?”

समोरच्या नोटरीला बोलावलं, तो शिक्का खिशात टाकून आला. ऋतुजा भूमकर ही सही ताईने एका फटक्यात केली. खाली वेणू वैरागकर करताना ती अडली. तेवीस वर्षं ती सही केली नव्हती. वे काढला, थांबली, मग णू. अक्षर शाळेतल्या मुलीचं आलं. नोटरी म्हणाला दोन्ही सह्या एका हाताच्या वाटत नाहीत. हुंडेकरी साहेब म्हणाले, “बरोबर आहे. त्यासाठीच तर प्रतिज्ञापत्र आहे,” आणि किल्ल्या घेऊन उठले.

आता लॉकर उघडतोय. आत काय असेल याची तुम्हालाही कल्पना नाही आणि आम्हालाही नव्हती.

सत्तेचाळीस नंबर खालच्या ओळीत होता, गुडघ्यावर बसावं लागलं. बँकेची किल्ली, मग अण्णांची. आतून कडुनिंबाचा आणि एरंडेल तेलाचा वास आला. सुकलेला पाला. त्याखाली मांजरपाटाची एक पिशवी, तोंड दोऱ्याने बांधलेलं. पाटल्या नव्हत्या. (त्या आईच्या आजारपणात गेल्या होत्या. मोडीची पावती नंतर अण्णांच्या कपाटात सापडली, ठिपक्यासकट. दादा ती पावती हातात घेऊन खूप वेळ बसला होता.)

हुंडेकरी साहेबांनी यादीचा कागद काढला. “वस्तूचं वर्णन?”

ताईने दोरा सोडला. शिपायाने चहाचा स्टीलचा ट्रे आणला, त्यात तिने पिशवी ओतली.

“तांदूळ,” दादा म्हणाला.

“तांदूळ,” हुंडेकरी साहेबांनी लिहिलं. मग लिहिता लिहिता थांबले. “नाशवंत वस्तू लॉकरमध्ये ठेवायला मनाई आहे.”

“नाशवंत नाहीत साहेब,” मी म्हणालो. “तेवीस वर्षं झाली.”

आकडा तोंडातून गेल्यावर मला ते कळलं. ताईला आधीच कळलं होतं. पिशवीच्या तळाशी घडी केलेली चिठ्ठी होती, सरकारी दस्तावरच्या शेऱ्यासारखी, ती तिने वाचून दादाच्या हातात दिली आणि दादाने माझ्या. अण्णांचं अक्षर.

‘वेणूच्या लग्नातील ताटातील तांदूळ. दि. १२-५-९६. यावर सध्या कोणतेही नाव लिहिलेले नाही.’

वेणूखाली ठिपका.

“याला ते दरवर्षी पाला बदलत होते,” दादा म्हणाला. तो भिंतीला टेकून खाली बसला होता, बरणी मांडीवर. “मला वाटलं…” काय वाटलं ते आम्हाला ठाऊक होतं, म्हणून त्याने ते पुरं केलं नाही. खिशातला अर्ज काढून त्याने चार घड्या घातल्या आणि बरणीखाली ठेवला, लोणच्याचं तेल गळत होतं म्हणून.

“पण मला काय ठाऊक आहे?” मी विचारलं. “मृत्युपत्रात लिहिलंय, त्यास ठाऊक आहे. मी चार वर्षांचा होतो.”

ताईने चष्मा काढला. “तुला कुणी सांगितलंच नाही का?”

“काय?”

“यांनी तांदळात ऋतुजा लिहिलं. गुरुजींनी वाचलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि तू अण्णांच्या मांडीवर होतास तो पुढे वाकलास. सगळं पुसून टाकलंस. असं.” तिने हवेत तळहात सपाट फिरवला. “आणि म्हणालास, आता ताईचं लिहा.”

दादा हसला. “आत्या म्हणाली होती, पोरगं खोडकर आहे.”

“सगळे हसले. मी नाही हसले. मी अण्णांकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील. पोराच्या निमित्ताने तरी म्हणतील, राहू द्या, वेणूच लिहा. त्यांना तेवढं बोलायला तू वाट करून दिली होतीस.” ती ट्रेकडे बघत होती. “त्यांनी तुझं मनगट धरलं. यांनी पुन्हा लिहून होईपर्यंत धरून ठेवलं. तू रडत होतास. नाव लिहून झालं तरी सोडलं नाही. पेढे वाटून झाले तरी नाही. आईने येऊन सोडवलं. दोन दिवस वळ होता तुझ्या हातावर.”

लॉकरच्या खोलीत पंखा नव्हता. मी माझ्या उजव्या मनगटाकडे बघितलं. तिथे घड्याळ होतं, अण्णांचंच, आणि ते बंद होतं, कारण त्याला किल्ली द्यायची असते हे मी कायम विसरायचो.

“हात ठेव,” ताई म्हणाली.

“कशावर?”

“तांदळावर ठेव. सारखे कर.”

मी ट्रेवर हात ठेवला. तेव्हा केवढा हात होता कोण जाणे, आता एका फटक्यात अर्धा ट्रे सारखा झाला. उरलेला दुसऱ्या फटक्यात. तांदूळ तेलकट होते, बोटांना चिकटत होते. मला वाटलं, ती आता बोटाने लिहील. दादालाही तेच वाटलं असणार, तो उठून उभा राहिला. हुंडेकरी साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं, टोपण लावायचं राहून गेलं होतं.

ताईने काही लिहिलं नाही. नुसतं बघत बसली. मग ट्रे तिरका करून तांदूळ पिशवीत भरले, दोरा बांधला, आणि मला म्हणाली, “घरी गाद्या आहेत का धुतलेल्या? की तुझ्यासारख्याच आहेत?”

“कशाला?”

“मुक्काम करते.”

त्याला आता सहा वर्षं झाली. त्या रात्री ती राहिली, दादाही राहिला, आणि दोघांनी माझ्या स्वयंपाकघराबद्दल जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तांदूळ लातूरला एका डब्यात आहेत. आत्तेसासूबाई केव्हाच गेल्या, त्यामुळे वेणू म्हणायला आता कुणाची हरकत नाही, तरी भावोजी ऋतुजाच म्हणतात आणि ताई ओ देते. मी वेणूताई म्हणतो. तेव्हाही ओ देते. दर मे महिन्यात कडुनिंबाचा पाला मी नेऊन देतो. तिने तांदळावर अजून काही लिहिलेलं नाही.

बँकेत मात्र एक काम राहिलं होतं. लॉकर बंद करायचा अर्ज व्यवस्थापकाच्या सहीने द्यायचा असतो. दोन पानी फॉर्म आहे, आणि शेवटचा रकाना आहे : इतर काही मागणी असल्यास. हुंडेकरी साहेब म्हणाले, तिथे सगळे ‘निरंक’ लिहितात, तूही लिही. मी जरा वेळ मागून घेतला आणि अण्णांच्या भाषेत, त्यांना चालेल अशा अक्षरात, लिहिलं. साहेबांनी वाचलं. अहो म्हणावं की अरे, हे त्यांना पटकन ठरवता आलं नाही, म्हणून ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी पेन्सिल मागवली, माझ्या नावाखाली ठिपका दिला आणि आवक शिक्का मारला. मजकूर असा :

‘विषय : दि. १२ मे १९९६ रोजी सकाळी १०.४५ वाजता झालेल्या कार्यवाहीबाबत. महोदय, सदर दिवशी ताटातील तांदूळ एकवार सारखे झाले असता ते तसेच राहू देण्यात यावेत. त्यावर पुन्हा काही लिहिण्यापूर्वी कु. वेणू वामन वैरागकर हिला विचारण्यात यावे. तसेच अर्जदाराचा (वय वर्षे चार) उजवा हात संबंधितांनी अद्याप धरून ठेवला आहे. त्यांना फार वेळ झाला आहे, त्यांचाही हात दुखत असेल. तरी तो सोडण्यास त्यांना परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’